‘लेस’ : उणेपणाचें हास्य

विनोदी कादंबरीला गंभीर वाङ्मयाच्या पंक्तीस बसवितांना टीकाकार नेहमींच थोडासा बिचकतो. अँड्र्यू शॉन ग्रीअर या अमेरिकन ग्रंथकाराच्या ‘लेस’ (२०१७) या कादंबरीस २०१८ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, ही गोष्ट म्हणूनच लक्षांत घेण्याजोगी आहे. तिचा नायक पुरुषावर प्रेम करणारा पुरुष आहे. परंतु तेवढ्यावरून हें पुस्तक दूर सारणारा वाचक एका निर्मळ विनोदास मुकेल.

आर्थर लेस हा सान फ्रान्सिस्कोंत राहणारा, बेताच्या कीर्तीचा कादंबरीकार. आडनांवाचा अर्थच ‘उणा’! पन्नाशी तोंडावर आलेली. आणि नऊ वर्षांच्या सहवासानंतर दुरावलेला तरुण प्रियकर फ्रेडी दुसऱ्याच पुरुषाशीं विवाह करणार. निमंत्रण नाकारावें तर हार पत्करल्यासारखें, जावें तर हंसें होणार. या पेचांतून सुटण्यासाठीं लेस जगभरांतून आलेलीं बारीकसारीक वाङ्मयीन आमंत्रणें स्वीकारतो आणि मेक्सिको, इटली, जर्मनी, मोरोक्को, हिंदुस्थान, जपान अशी पृथ्वीप्रदक्षिणा आरंभितो.

देह आणि अन्न यांचा ग्रीअरनें मार्मिक उपयोग केला आहे. व्यायामाच्या रबरी पट्ट्या लेसच्या सामानांत असतात. पण शरीर घाटदार करण्याचा संकल्प बहुधा पेटींतच राहतो. जपानांत ‘काइसेकी’ या पारंपरिक भोजनावर लेख लिहावयाचा म्हणून जेवणें हेंच त्याचें काम होऊन बसतें, आणि ऋतुमानाचे तेच ते पदार्थ भोजनगृहामागून भोजनगृहांत पुढें येत राहतात. अखेर दार अडकल्यामुळें एका जुन्या भोजनगृहाची कागदी भिंत फोडून त्याला बाहेर पडावें लागतें. जन्मभर अंग चोरून वागलेल्या मनुष्यानें भिंत फोडावी, यांत हंशाखेरीज आणखीही कांहीं आहे, हें सांगावयास नको.

या कादंबरीचें मर्म मात्र निराळ्याच ठिकाणीं आहे. लेसचें नवें पुस्तक प्रकाशकानें परत केलेलें असतें. त्याचा नायक एक दुःखी, प्रौढ गृहस्थ. मोरोक्कोंत एक सहप्रवासिनी लेसला रोखठोक बजावते कीं, असल्या गोऱ्या, मध्यमवयीन अमेरिकनाच्या दुःखाची कींव येणें कठीण. पुढें केरळांत त्याला उमगतें कीं, आपला नायक करुण नसून हास्यास्पद आहे, आणि म्हणूनच तो प्रिय होऊं शकेल. कींव करणारा मनुष्य वरून खालीं पाहतो. बरोबर हंसणारा शेजारीं येऊन बसतो.

मराठी वाचकास हा विचार विशेष मोलाचा वाटावा. तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) घ्या, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) घ्या. असल्या प्रेमाची कथा आपल्याकडे बहुधा दुःखाच्या वाटेनेंच आली. त्या कृतींचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं. सप्टेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण न्यायालय क्षमतेपलीकडचें काम करूं शकत नाहीं. चिं. वि. जोशांच्या चिमणरावास आपण आपला मानला तो त्याच्या फजितीमुळें. तसाच फजितीचा अधिकार लेससारख्या माणसालाही मिळाला पाहिजे.

दोषही सांगितले पाहिजेत. केरळांतील प्रकरणांत हिंदुस्थान म्हणजे केवळ गोंगाट आणि गैरसोय, एवढेंच हातीं लागतें; तेथील माणसें नायकाच्या फजितीपुरतीं येतात आणि जातात. योगायोगही जरा उदारपणें वापरले आहेत. निवेदकास लेसच्या मनांतलें इतकें कसें ठाऊक, अशी शंका वाचतांना येते. तिचें उत्तर शेवटीं मिळतें, आणि तें येथें सांगून वाचकाचा आनंद हिरावणें बरें नव्हे.

ग्रीअरनें २०२२ सालीं या कथेचा उत्तरार्धही लिहिला. कोणी मूळ कादंबरी मराठींत उतरवूं म्हणेल, तर त्याची खरी कसोटी बर्लिनमध्यें लागेल. आपल्याला उत्तम जर्मन येतें अशी लेसची समजूत आहे, आणि त्याची ती मोडकी, आत्मविश्वासानें भरलेली भाषा आपल्याही घरांतील कोणाची तरी आठवण करून देणारी साधली पाहिजे.