‘मराठवाडी’ नावाची बोली

मराठीच्या बोली किती, असा प्रश्न निघाला की आपली विद्वान मंडळी देशी, कोकणी, वऱ्हाडी ही नावे एका दमात घेतात आणि गोदाकाठी आल्यावर ‘मराठवाडी’ एवढे म्हणून मोकळी होतात. वर्गीकरणात इतका सोयीचा आणि इतका फसवा शब्द क्वचितच सापडेल.

या शब्दाला संस्थानी कारभाराचा वास आहे. ग्रीअर्सनच्या भाषिक पाहणीचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला. पण हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेतच नव्हते. आपली बोली कोणी ऐकलीच नाही, तिला नाव मात्र सरहद्दीने दिले!

परतूर तालुक्यातले वाटूरच घ्या. पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्यात आले. गाव काही जागचे हलले नाही. जालन्याहून निघालेला रस्ता वाटूरवरून मंठ्याला आणि पुढे लोणारला जातो. १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारात गेला, तेव्हापासून लोणार तिकडचे नि मंठा इकडचे. पण सोयरिकी आणि बैलबाजार काय सरहद्द विचारून होतात?

वऱ्हाडात माणूस काम ‘करून राहिला’ असतो, परभणी-नांदेडकडे तो ‘करायला’ असतो, लातूर-धाराशिवकडे ‘करालाय’. आता गंमत पाहा. संभाजीनगरच्या आसपास ‘करू राहिला’ सर्रास ऐकू येते. म्हणजे क्रियापद वऱ्हाडाच्या नात्यातले. पण तोच माणूस वऱ्हाड्यासारखे ‘मले’ म्हणत नाही, ‘मला’च म्हणतो. मग त्याला कोणत्या कप्प्यात घालायचे?

जर्मनीत हाच पेच पडला होता. गेओर्ग वेंकरने १८७६ साली ऱ्हाईनकाठच्या शाळामास्तरांना चाळीसेक वाक्ये पाठवून ती गावच्या बोलीत मागवली. उत्तरेची आणि दक्षिणेची जर्मन यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ मिळावी, ही अपेक्षा. मिळाला तो पंखा! ‘मी’ला उत्तरेकडे ‘इक’ आणि दक्षिणेकडे ‘इख’ म्हणतात, त्याची सीमा एका गावापाशी; ‘करणे’ या अर्थाच्या ‘माकेन’ नि ‘माखेन’ यांची बेनराथपाशी; ‘दाट’ आणि ‘दास’ यांची त्याहून दक्षिणेला. शब्दागणिक सीमा निराळी.

आमच्या वर्गीकरणकारांनी हा पंखा मनावर घेतला नाही, आणि त्याची किंमत मुले देतात. ‘करायलो’ लिहिले की वहीवर लाल रेघ. आणि गोष्टीच्या पुस्तकात पाहावे तर मंठ्याची म्हातारी साताऱ्याच्या हेलात बोलते. (समर्थांचे जांब याच जिल्ह्यातले, हे आठवले म्हणजे त्या लाल रेघेचे हसू येते.)

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने २०१७ साली हाती घेतलेली बोलींची पाहणी मला म्हणून मोलाची वाटते. तिथे आधी कप्पे आणि मग शब्द, असा उलटा कारभार नाही. एकेका शब्दाचा, एकेका प्रत्ययाचा वेगळा नकाशा निघतो. तसल्या नकाशावर मंठा आणि लोणार यांच्यामध्ये १८५३ची सरहद्द उमटते की नाही, तेवढे मला पाहायचे आहे.