फराळाच्या आडून

एकादशीवर प्रवचन असले की तुकोबारायांचा एक अभंग हमखास निघतो. पंधरा दिवसांतून एकदा येणारे हे व्रत तुला का जड जाते, असे महाराज त्यात विचारतात. प्रवचनकार पहिल्या चरणावर अर्धा तास थांबतो, एकादशीला जेवणाऱ्याची चांगली हजेरी घेतो, शेवटी यमदूतांची भीती घालतो आणि मधली चरणे घाईने उरकतो. माझी तक्रार या घाईबद्दल आहे. अभंगाचा जीव मधल्या चरणांत आहे, आणि तेथे महाराज जेवणाऱ्याला सोडून चक्क उपवास करणाऱ्याला धारेवर धरतात.

अभंग सावकाश वाचून पाहावा. एका दिवसाने काय तुझा जीव जातो, असे विचारून महाराज लगेच पुढचा फटका मारतात, की फराळाचे निमित्त करून तू पोट भरून घेतोसच. अन्नाचा विषय येथे संपला. त्यानंतर ते हरिकथेकडे आणि वैष्णवांच्या पूजनाकडे वळतात. मग जागरण येते. घरच्या कामासाठी रात्री जागवताना तुला काही वाटत नाही, देवळात यायचे म्हटले की मात्र जिवावर येते. इतका नाजूक तू कधी झालास, हा शेवटचा प्रश्न. म्हणजे पोटाबद्दल थोडके बोलणे, आणि कान, पाय, डोळे, संगत यांबद्दलच अधिक. आपण नेमके उलटे केले. पोटाचे शास्त्र वाढवत नेले आणि बाकीचे चालीवर म्हणून सोडून दिले.

महाराजांचा दुसरा अभंग याहून कठोर आहे, हे मला ठाऊक आहे. एकादशीला अन्न घेणाऱ्यासाठी त्यांनी जी उपमा वापरली ती सभेत उच्चारताना आजही जीभ अडखळते. तो अभंग बाजूला ठेवा असे मी म्हणत नाही. पण दोन्ही एकाच मुखातले आहेत. एक घ्यायचा तर दुसराही पुरता घेतला पाहिजे.

फराळाची गोष्ट निघाली आहे तर जरा ताटातच डोकावू. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळे. यांतल्या प्रत्येकाचे मूळ अमेरिका खंडात आहे. युरोपी जहाजांबरोबर ही पिके आपल्याकडे आली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच. आज देशातला बहुतेक साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. तेथे त्याचे पायसम करतात, वाळवणाचे वडम घालतात. आपल्याकडे येईपर्यंत तो पवित्र होतो! आपल्या नाशिकची भगरही पाहा. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या डोंगरउतारावर वरई पिकते. ती पिकवणाऱ्या घरांत वरईचा भात हे पोटभरीचे, साधे जेवण आहे. त्यांचे रोजचे अन्न तो आपला उपवास, आणि गव्हाची पोळी खाल्ली तर मात्र दोष. हा विचार एखाद्या प्रवचनात ऐकल्याचे मला आठवत नाही.

तमिळ देशाचे नाव आलेच आहे, तर तिकडची रीत थोडी पाहण्यासारखी आहे. त्यांचे महिने सूर्यावर चालतात, चैत्राला ते चित्तिरै म्हणतात आणि तो मेष संक्रांतीला सुरू होतो. पण व्रते चंद्राचीच. दोन्ही त्रयोदशींना सायंकाळी शिवालयांत प्रदोष, षष्ठीला मुरुगन, अमावास्येला पितरांचे तर्पण, वद्य चतुर्थीला आपल्यासारखीच संकष्टी. पौर्णिमेला तिरुवण्णामलैच्या डोंगराला सुमारे 14 किलोमीटरची प्रदक्षिणा घालायला माणसे रात्रभर चालतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

एकादशी तेथेही मोठी. मार्गळी महिन्यातल्या वैकुंठ एकादशीला श्रीरंगम येथे परमपदाचे द्वार उघडते. पण तो उत्सव एका दिवसाचा नाही. आधी दहा दिवस आणि नंतर दहा दिवस आळ्वार संतांच्या तमिळ प्रबंधांचे पठण होते. एकादशी त्या पठणाच्या मधोमध बसलेली आहे, जशी आपली कीर्तनाच्या मधोमध बसायला हवी.

याच महिन्यात पहाटे घरोघरी आंडाळची तिरुप्पावै म्हणतात. आंडाळ ही आळ्वारांतली एकमेव स्त्री, आपल्या ज्ञानोबा माउलींच्या कितीतरी आधीची. तिच्या तीस पदांत गवळणी व्रत धरतात. दुसऱ्याच पदात नियम आहेत: तूप नाही, दूध नाही, पहाटे स्नान, डोळ्यांत काजळ नाही, केसांत फूल नाही. मग त्याच दमात ती सांगते की कोणाची चहाडी करायची नाही आणि मागणाऱ्याला जमेल तितके द्यायचे. जीभ खाण्यापुरती आवरली आणि बोलण्यात मोकाट सोडली, असे व्रत तिला मान्यच नाही. शिवाय तिचे व्रत एकटीचे नाही. पुढची बरीच पदे झोपलेल्या मैत्रिणींना दारोदार जाऊन उठवण्यात जातात. रागावून, चिडवून, गोड बोलून ती एकेकीला बाहेर काढते. तुकोबारायांचे देवळात का येत नाहीस हे विचारणे आणि तिचे हे दार ठोठावणे, मला एकाच जातीचे वाटते. फरक एवढाच, की महाराजांचा स्वर झोंबतो आणि तिचा खट्याळ आहे. आणि सत्ताविसाव्या पदात व्रत सुटते ते कसे, तर कोपरापर्यंत तूप ओघळेल असा दूधभात सगळ्या मिळून खातात. आपल्या काल्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तमिळ घरांत द्वादशीचे पारणे हादग्याचा पाला आणि आवळा घेऊन करतात, आपण बारस सोडतो. पण कोणाबरोबर सोडतो?

येथे कोणी हरिपाठ पुढे करील, आणि ते रास्तच आहे. नामाला काळवेळ नाही, असे माउलींनी सांगितले असताना तिथीचा एवढा आग्रह कशाला? मला वाटते, नामाला तिथी लागत नाही, माणसे जमायला लागते. घड्याळ नव्हते, छापील पंचांग घरोघर नव्हते, तेव्हा निफाडच्या माणसाला आणि सिन्नरच्या माणसाला एकाच दिवशी त्र्यंबकला पोचायचे तर आकाशातल्या चंद्राहून चांगला निरोप्या कोण होता? म्हणून शुद्ध एकादशी पंढरीची आणि वद्य एकादशी आळंदीची वा आपल्या निवृत्तिनाथांची. स्मार्त आणि भागवत एकादशीचा वादही याच अंगाने पाहावा. सूर्योदयाआधीच्या चार घटकांत, म्हणजे 96 मिनिटांत, दशमीचा स्पर्श नको, हा भागवतांचा नियम आपण पाळतो तो सगळी दिंडी एका दिवशी चालावी म्हणून. त्यावरून दोन घरांत अबोला धरणाऱ्यांना काय म्हणावे!

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नाशिकची थंडी तेव्हा ऐन भरात असते. शेकडो दिंड्या पायी येतात आणि रात्रभर टाळ थांबत नाही. शास्त्राप्रमाणे ती षट्‌तिला एकादशी, तिळाचे सहा उपयोग सांगितलेली. पण त्या रात्री तिळाची आठवण फारशी कोणाला नसते. मधल्या चरणांत महाराज जे मागतात ते तेथे कोणी न सांगता चाललेले असते.

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगतो. गावोगावी मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्या कितीतरी माळकरी आजी आहेत. उपाशी राहिल्या तर साखर एकदम उतरते, साबुदाणा खाल्ला तर चढते. डॉक्टर सांगतात म्हणून त्या सकाळी अर्धी भाकरी खातात, आणि मग आपण अन्न घेतले या लाजेने संध्याकाळी कीर्तनाला येत नाहीत. पहिल्या चरणावर अर्धा तास बोलणाऱ्यांनी त्यांना घरी बसवले आहे. खिचडीची दुसरी वाटी घेऊन आलेला पुढे बसतो आणि अर्ध्या भाकरीवाली दाराआड राहते. कीर्तनकार माउलींना एकच विनंती आहे. येत्या वद्य एकादशीला हा अभंग घेतलात तर मधल्या चरणांपाशी थांबा, आणि त्या आजींना निरोप धाडा की भाकरी खाऊन या, पण या. सतरंजीवर पुढची जागा त्यांच्यासाठी ठेवा.