तारामतीचा खटला

बनारसला हरिश्चंद्र घाटासमोर नाव थांबवून नावाड्याने मला राजाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिच्यात तलवार नव्हती. राजा डोंबाच्या चाकरीत मसणवट्यावर उभा, राणी मेलेल्या पोराला घेऊन आली, राजाने कर मागितला, तिने अंगावरचं वस्त्र फाडून दिलं, देव प्रकटले. संपली गोष्ट. मी पुढची वाट पाहत राहिलो. माझ्या हरिश्चंद्राच्या हातात लहानपणापासून उगारलेली तलवार आहे आणि तिच्याखाली तारामतीची मान आहे. नावाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, तलवार कुठून आली बाबूजी?

प्रश्न रास्त होता. परतल्यावर मी तो जरा नेटाने शोधला. मार्कंडेय पुराणात तलवार नाही. तिथे पुत्रशोकाने दोघे चितेवर चढायला निघतात. बनारसचेच भारतेंदू हरिश्चंद्र यांनी १८७५च्या सुमारास ‘सत्य हरिश्चंद्र’ लिहिलं, त्याचाही कळस कफनाच्या तुकड्यापाशी आहे. तलवार येते ती देवीभागवतात. रात्री मुलाचं प्रेत मांडीवर घेऊन रडणारी बाई पाहून नगरातली माणसं तिला बालघातकी राक्षसी ठरवतात आणि चांडाळाच्या हवाली करतात. तो आपल्या चाकराला, म्हणजे हरिश्चंद्राला, तिला मारायला सांगतो. राघवांकाच्या कन्नड काव्यात आळ बदलतो: काशीच्या राजाचं मूल मारल्याचा. तमिळ कथेतही तेच. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये काशीच्या राजपुत्राचा खून तारामतीच्या माथी येतो, आणि ती तो कबूल करते. व्ही. शांताराम यांच्या ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) तर तिच्यावर स्वतःच्याच मुलाला मारल्याचा आरोप आहे. दुर्गाबाई खोटे तारामती, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. तलवार उगारली जाते आणि काशीविश्वेश्वर मध्ये पडतो.

म्हणजे बनारसच्या लोकांनी कराची गोष्ट जपली आणि मराठी पडद्याने देहदंडाची. यात उणंदुणं काढण्यासारखं काही नाही, गोष्टी अशाच फिरतात. मला खटकतं ते वेगळं. हा चित्रपट मी तीनदा तरी पाहिला असेन. तलवार आठवते, टेंब्यांचा चेहरा आठवतो, दुर्गाबाईंचं ताठ उभं राहणं आठवतं. खटला आठवत नाही. कोणी साक्ष दिली, काय पुरावा होता, तिच्या बाजूने कोणी बोललं का, यातलं काहीही मनात राहिलेलं नाही, आणि घरात विचारलं तर कोणाच्याच मनात नव्हतं. आमचे डोळे भरून येतात ते हरिश्चंद्रासाठी: बिचाऱ्याला स्वतःच्या बायकोला मारावं लागतंय आणि तरी तो कर्तव्याला चुकत नाही. गांधीजींनी लहानपणी हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि ते त्यांना पुरतं झपाटून गेलं, तेही सत्यनिष्ठेपायीच. पण ज्या हुकमाशी ही निष्ठा आहे तो हुकूमच खोटा आहे, हे या गोष्टीत कुणालाच फारसं टोचत नाही.

का टोचत नाही? मला वाटतं, उत्तर आरोपात आहे. प्रत्येक रूपात आरोप एकाच जातीचा निवडला आहे: मूल मारल्याचा. बालभक्षक राक्षसी, राजपुत्राची मारेकरीण, पोटच्या पोराचा जीव घेणारी आई. गुन्हा जितका अघोरी, तितकी ‘हिनेच केला का?’ हे विचारण्याची इच्छा कमी. अघोरपणाच पुराव्याचं काम करून टाकतो. फाळक्यांची तारामती गुन्हा कबूल करते तेव्हा तर प्रश्नच मिटतो. पोर गमावलेल्या बाईच्या त्या कबुलीला काय किंमत द्यायची, हे विचारणारा कोणी तिथे नसतो.

आपला कायदा या सापळ्यातून सुटला आहे असं मानायला मी तयार नाही. १९८०च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणात द्यायची. निकालपत्राने गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितलं होतं. व्यवहारात दुर्मिळता बहुधा गुन्ह्याच्या क्रौर्यावर मोजली जाते. नाशिकजवळ जून २००३मध्ये दरोडा पडला, बलात्कार झाले, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, हे कागदावर होतं. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. कागद बदलले नव्हते, वाचणारे बदलले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. आणि पाच खून ज्यांनी केले ते कुठे आहेत, हा त्या कुटुंबाचा प्रश्न सोळा वर्षांनंतर पुन्हा पहिल्या पानावर आला. फाशीच्या बाजूने बोलताना आपण मृतांच्या आप्तांचा दाखला देतो. त्यांच्या पदरात हे पडलं.

‘अयोध्येचा राजा’तला डोंब हा ‘काळू महार’ आहे, हेही इथे सांगायला हवं. राजाने जल्लाद होणं ही शोकांतिका, आणि काळूने पिढ्यानपिढ्या मसणात राबणं हा नुसता देखावा. योगायोग असा की, देहदंडाबद्दल आपल्याकडे झालेली एक फार नेमकी चर्चा त्याच समाजातून आलेल्या माणसाच्या नावावर आहे. ३ जून १९४९ला घटना समितीत फाशीच्या शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपील असावं का, यावर वाद चालला होता. डॉ. आंबेडकर म्हणाले की, अपिलाच्या तरतुदीपेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. अपिलाचा विषय निघालेला असताना ते मुळाशी गेले. चित्रपटात अपिलाची जागा विश्वेश्वराकडे आहे, आणि तो ऐन वेळी येतो. नाशिकच्या सहा जणांकडे तो यायला सोळा वर्षं लागली, तेही त्याच्याच दारातून एकदा हाकलून दिल्यावर.

आता बनारसबद्दल. ७ मार्च २००६, मंगळवार, संकटमोचनला गर्दीचा दिवस. देवळात आणि कॅन्ट स्टेशनवर स्फोट झाले. वीसच्या आसपास माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. आरोपीचं वकीलपत्र घ्यायला इथले वकील तयार होईनात, म्हणून उच्च न्यायालयाने खटला गाझियाबादला हलवला. ६ जून २०२२ला तिथल्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, एका प्रकरणात जन्मठेप, आणि एका प्रकरणात पुराव्याअभावी सोडलं. तो दोषी की निर्दोष, हे मी ठरवू शकत नाही. फाशीवर उच्च न्यायालयाची मोहोर लागायची असते, तो त्यांचा विषय. विधी आयोगाने २०१५मध्ये फाशी रद्द करण्याची शिफारस केली तेव्हाही दहशतवादाचे गुन्हे वगळले होते. म्हणजे ज्या आरोपाला शहरातला एक वकीलही मिळत नाही, तिथेच तलवार ठेवायची. मला हे उलटं वाटतं. संकटमोचनच्या पायऱ्यांवर ज्यांची माणसं गेली त्यांच्या रागाला मी नावं ठेवत नाही, त्यांच्याजागी मीही बहुधा हेच मागितलं असतं. पण देवीभागवतातली ती नगरातली माणसंही रागावलेलीच होती, आणि मूल खरंच मेलेलं होतं.

‘अयोध्येचा राजा’ मी परवा पुन्हा लावला. या वेळी फक्त निकाल ते तलवार एवढाच भाग पाहायचा ठरवलं होतं. विश्वेश्वर आला, रोहिदास उठून बसला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या नातीने विचारलं, मग ज्यांनी तिला शिक्षा दिली त्यांना देव काहीच बोलला नाही का? मी थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं.