देवाला अज्ञानी कोण म्हणतं?

‘भाव असला की पुरे, अलंकार पंडितांनी बघावेत,’ असं स्वाध्यायात आम्हा बायकांना ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. कल्याणमंदिर स्तोत्राचा ३० वा श्लोक घ्या. ४४ श्लोकांचं हे स्तोत्र दिगंबर परंपरा कुमुदचंद्राचार्यांचं मानते, श्वेतांबर परंपरा सिद्धसेन दिवाकरांचं. सरळ अर्थ लावला, तर या श्लोकात पार्श्वनाथ भगवंतांना म्हटलंय की तू विश्वाचा स्वामी असून दरिद्री, अक्षररूप असून लिपीविना आणि अज्ञानी असूनही तुझ्यात ज्ञान स्फुरतं. स्तुतीत ही निंदा कशी आली?

निंदा नाही, श्लेष आहे. ‘मित्र’ म्हणजे सखा आणि सूर्यही, असं शाळेत शिकलो, तोच. ‘दुर्गत’ म्हणजे दरिद्री. ज्याच्यापर्यंत पोचणं फार अवघड, तोही दुर्गत. ‘अक्षर’ म्हणजे वर्ण, तसंच अविनाशी. ‘अलिपि’ म्हणजे लिपी नसलेला आणि कर्माचा लेप नसलेलाही. हे शब्द न मोडता दोन अर्थ देतात. ‘अज्ञानवति’ मात्र मोडावा लागतो. सलग वाचला तर ‘अज्ञानी अशा तुझ्यात’. ‘अज्ञान् अवति’ असा फोडला की ‘अज्ञ जनांना सांभाळणाऱ्या तुझ्यात’. पहिला अभंग श्लेष, दुसरा सभंग.

दुसरा अर्थ सापडला की विरोध विरून जातो, म्हणून हा विरोधाभास. भक्तामरातल्या तेल-वातीविना जळणाऱ्या दिव्याची गोष्ट वेगळी. तिथं कोडं भगवंतांच्या थोरवीनं सुटतं, शब्दाच्या दुसऱ्या अर्थानं नव्हे. इथं ते शब्दातच सुटतं.

म्हणूनच मराठी अर्थ देताना फक्त दुसरा अर्थ छापला, की माझी तक्रार असते. अर्थ चोख, पण श्लोक गेला! आधी दचकायचं, मग उमगायचं, हीच तर त्यातली गंमत. उत्तर तेवढं हातात ठेवलं तर कोडं घालणाऱ्याचे कष्ट वायाच की.

कवीनं त्याच ओळीत ‘कथंचित्’ हा शब्दही ठेवलाय. स्याद्वाद ऐकलेल्या बाईला तो ओळखीचा: एका अपेक्षेनं असं, दुसऱ्या अपेक्षेनं तसं. लोक अनेकांताला परस्परविरोधी बोलणं म्हणतात. हा श्लोक दाखवतो की अपेक्षा कळली की भांडण मिटतं. इथं अलंकार नुसता दागिना नाही, तत्त्वच त्यातून बोलतंय.

आणि ते अज्ञ जन कोण? अर्थ ठाऊक नसताना हात जोडून पाठ म्हणणाऱ्या आपणच. शब्द सलग ठेवला तर देव अज्ञानी ठरतो. फोडला तर त्याच्या सांभाळात आपल्याला जागा मिळते. एवढं ज्यावर अवलंबून आहे, तो अलंकार पंडितांवर का सोडायचा?