ठेका कुणाचा, ठेका कुणाकडं

मराठीत 'ठेका' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक हलगीवरचा, दुसरा ठेकेदाराचा. गाण्याच्या धंद्यात पहिला आमच्या वस्तीत राहिला आणि दुसरा कायम वस्तीबाहेर गेला. 'सैराट'च्या संगीतावर लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. त्या संगीतावर आजवर जे लिहिलं-बोललं गेलं त्यात बहुतेक करून आरत्या तरी होत्या, नाही तर नाकं मुरडणं तरी होतं. आरती ओवाळणाऱ्यांनी अमेरिकेतला स्टुडिओ मोजला. नाक मुरडणाऱ्यांनी 'झिंगाट'ला थिल्लर ठरवलं. हलगीकडं नीट बघायला दोघांनाही सवड नव्हती.

आधी हिशेब मांडू. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचा, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, चित्रण बरंचसं करमाळा तालुक्यातलं. म्हणजे सिनेमा सगळा आमच्या सोलापूर जिल्ह्यातला. संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचं. गाणी चारच. व्हायोलिन आणि पितळी वाद्यांचा ताफा लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत साठाहून जास्त वादक बसवून ध्वनिमुद्रित केलेला. एका बाजूला रानातली विहीर, दुसऱ्या बाजूला हॉलिवूडचा वाद्यवृंद. हे धाडस कुणी केलं नव्हतं, त्याला दाद दिलीच पाहिजे.

पडद्यावर 'संगीत' एवढाच शब्द येतो. पण चाल बांधणं वेगळं आणि ध्वनी उभा करणं वेगळं. कुठलं वाद्य पुढं ठेवायचं, कुठलं मागं ढकलायचं, ढोल किती खोल घुमवायचा, गळा किती कोरडा ठेवायचा, सगळं एकदम कुठं थांबवायचं, हे ठरवणाऱ्याला तिकडं रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणतात. आपल्याकडं प्रोड्यूसर म्हटलं की पैसेवाला शेठ डोळ्यांसमोर येतो. अजय-अतुल हे मराठीतले खरे ध्वनी उभा करणारे. २००४ च्या 'अगं बाई अरेच्चा'त त्यांनी गोंधळ स्टुडिओत नेला. 'जोगवा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० च्या 'नटरंग'ने लावणी पुन्हा घराघरांत वाजवली. देवळाबाहेरचं, तमाशाच्या कनातीतलं, वरातीपुढचं जे जे होतं ते त्यांनी एवढ्या मोठ्या आवाजात मांडलं की सभ्य माणसालाही कान झाकता येईनात. मराठी लोकप्रिय गाण्यावर त्यांचा ठसा आज इतका पक्का बसलाय की नवा पोरगा संगणकावर गाणं जुळवायला बसला तरी आधी त्यांचाच ढोल शोधतो.

आता 'झिंगाट' बघा. बहुतेकांना ते लग्नातलं गाणं वाटतं. सिनेमात ते आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाचं आहे. पाटलाच्या पोराचा वाढदिवस, सगळा गाव नाचतोय, परशा आणि आर्चीसुद्धा नाचतायत. गाणं संपलं की थोड्याच वेळात दोघं सापडतात आणि मारहाण सुरू होते. म्हणजे त्या ठेक्यावर गाव एक होतो तो गाणं चालू आहे तेवढाच वेळ. ठेका थांबला की जात पुन्हा आपल्या जागेवर येऊन उभी. मंजुळेनं हे गाणं बरोबर तिथं ठेवलंय. जे गाणं ऐकून लोक थेटरात खुर्च्या सोडून नाचले, त्याच गाण्याच्या पाठीवर त्यानं सिनेमाचा सगळा घाव ठेवला. याला थिल्लर म्हणणाऱ्यानं सिनेमा अर्ध्यातून सोडला असावा.

पण पुढं काय झालं? २०१७ मध्ये कानडीत 'मनसु मल्लिगे' निघाला. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक'. 'धडक'ने गोष्ट उदयपूरला नेली, 'झिंगाट' हिंदी शब्दांत घेतलं, अन् जात अशी पुसट केली की शोधायला कंदील लागावा. ठेका हवा, ठेक्यामागची वस्ती नको. मंजुळेनं गाणं जिथं रोवलं होतं तिथून ते उपटता येतं, हे 'धडक'ने दाखवून दिलं. लोकप्रिय संगीताचं हे जुनं दुखणं आहे. ठेका माणसापेक्षा लवकर गावात शिरतो. सोलापुरात कुठल्याही आळीची वरात बघा, डॉल्बीवर 'झिंगाट' लागलं की सगळे नाचतात. त्यातला एखादा उद्या आपल्या बहिणीच्या परशाला शोधत हिंडेल. गाण्यानं त्याचे पाय हलवले, डोकं हललं नाही.

हे दुखणं एकट्या आपलंच आहे असं नाही. न्यूयॉर्कचा नाईल रॉजर्स घ्या. काळा माणूस, १९५२ चा जन्म. पोरवयात ब्लॅक पँथरमध्ये होता, ज्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं. पुढं बर्नार्ड एडवर्ड्स या बेसवाल्याबरोबर त्यानं 'शीक' नावाचा बँड काढला. १९७७ च्या शेवटच्या रात्री स्टुडिओ ५४ या बड्या डिस्को क्लबच्या दारावर दोघांना आत सोडलं नाही. क्लबात नाचायला रेकॉर्ड यांच्या चालत होत्या! घरी जाऊन त्यांनी दारवानाला शिवी हासडणारं गाणं जुळवलं. शिवी बदलून त्याचं 'ल फ्रीक' झालं आणि १९७८ मध्ये ते जगभर गाजलं. १९७९ च्या जुलैत शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी ढिगानं फोडल्या गेल्या. काळ्यांचं आणि समलिंगी माणसांचं नाचगाणं गोऱ्या पोरांना सलत होतं, असं पुष्कळ जाणकार म्हणतात. डिस्को मेला असं जाहीर झालं. रॉजर्स मात्र मेला नाही. १९८३ ला डेव्हिड बोवी, १९८४ ला मॅडोना, २०१३ ला डाफ्ट पंक, सगळ्यांच्या गाण्यांत त्याची गिटार खणखणत राहिली.

यातला माझ्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. १९७९ मध्येच 'शीक'च्या 'गुड टाइम्स'चा बेस उचलून 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप निघालं. रॉजर्स-एडवर्ड्स कायद्याची भाषा बोलले आणि त्या गाण्याचे लेखक म्हणून त्यांची नावं लागली. नुसत्या बेसच्या चार सुरावटींवर त्यांनी आपला हक्क लावून घेतला. ठेकाही त्यांचा, ठेकाही त्यांच्याकडं. क्लबच्या दारात उभं न करणाऱ्यांना त्यांनी दिलेलं हे उत्तर मला 'ल फ्रीक'पेक्षाही मोठं वाटतं.

आमच्या हलगीवाल्याचं काय? हलगी म्हणजे कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. आवाज उतरला की जाळावर शेकायची, पुन्हा चढवायची. हे सगळं शास्त्र पिढ्यान् पिढ्या मांगवाड्यानं, महारवाड्यानं सांभाळलं. कायदा म्हणतो, लोकवाद्याचा ठेका कुणाच्या मालकीचा नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा असा हक्क दिला जो कंपनीला सरसकट लिहून देता येत नाही. चांगलं झालं. पण ज्याच्या आज्यानं तो ठेका बसवला त्याचं नाव त्या कागदावर कुठल्या रकान्यात येणार? वाजवणाऱ्याला दिवसाची बिदागी मिळते आणि विषय संपतो.

इथं आपल्याच लोकांशीही बोललं पाहिजे. बाबासाहेबांनी गावकीची हलकी कामं टाका म्हणून सांगितलं. पुष्कळ घरांनी मेलेली ढोरं ओढणं टाकलं, तशी हलगीही खुंटीला टांगली. बरोबरच केलं. पाटलाच्या दारात सक्तीनं वाजवलेल्या हलगीत कला कमी आणि गुलामी जास्त होती. मात्र खुंटीवरची हलगी बाकीच्यांनी उचलली आणि तिचं सोनं केलं. मग आता आपण तिला लाजायचं का? मला वाटतं, वाजवायची सक्ती नाकारणं आणि वाद्यावरचा हक्क सोडणं या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधल्या. गाठोडं सोडायची वेळ आलीय. मंजुळेनं ती गाठ थोडी सैल केली. 'फँड्री'तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, त्याला केम गावात हलगी वाजवताना सापडला. २०२२ च्या 'झुंड'मध्ये जयंतीचा नाच आणि बाबासाहेबांचा फोटो एकाच चौकटीत आला. दोन्ही ठिकाणी वाद्य लाचार दिसत नाही.

आणि ध्वनी उभा करणारे आपल्यात नव्हते असं कुणी समजू नये. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे गळे रेकॉर्डवर चढले. कॅसेट स्वस्त झाल्यावर आनंद आणि मिलिंद शिंदे गल्लीबोळांत वाजले. भीमगीतांनी रेडिओची वाट बघितली नाही, टेपरेकॉर्डरवर बसून ती गावोगाव गेली. आज वस्तीतली पोरं जुन्या भीमगीताखाली नवा बीट घालून चौदा एप्रिलला डॉल्बीवर सोडतात. डॉल्बीनं कान फुटतात, म्हाताऱ्यांचा जीव घाबरा होतो, ते बंद व्हायला पाहिजे, हे मीही म्हणतो. पण ती पोरं जे करतात तेच न्यूयॉर्कात रॉजर्स करत होता. त्यांना कुणी प्रोड्यूसर म्हणत नाही. गाण्यावर त्यांचं नाव नसतं, ते मोबाइलवरून मोबाइलवर फुकट फिरतं.

अजय-अतुलनी आमचा ठेका चोरला असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं आळशीपणाचं होईल. त्यांनी तो ऐकला, त्याला मान दिला, त्याला साठ वादकांच्या बरोबरीनं बसवलं. जे त्यांचं काम नव्हतं ते त्यांच्याकडून मागण्यात अर्थ नाही. ते काम आपलं आहे. हलगीवाल्याचं नाव गाण्यावर लागलं पाहिजे ही मागणी आपण करायची. वस्तीतल्या पोराला नुसतं वाजवायला न शिकवता माईक कुठं लावायचा, ध्वनी कसा जुळवायचा आणि सही करण्याआधी करारनामा कसा वाचायचा हेही शिकवायचं. पहिला ठेका आपल्या मनगटात आहेच. दुसऱ्यासाठी कागद वाचता आला पाहिजे.