व्हिडिओ गेममधील ध्वनी : पार्श्वसंगीत की कृतीची लय?

व्हिडिओ गेममधील संगीताचा विचार करताना चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे निकष सर्रास लावले जातात. ते अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) हा जपानी खेळ या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. त्यात खर्जातील केवळ चार स्वर अखंड आवर्तित होतात. पडद्यावरील ५५ शत्रू जसजसे घटतात, तसतशी उरलेल्यांची गती आणि या आवर्तनाची लय वाढत जाते. म्हणजेच खेळाडूचे प्रत्येक यश त्याच्या कानांवर वाढत्या संकटाच्या रूपाने आदळते. चित्रपटात लय आधीच निश्चित झालेली असते व प्रेक्षक ती केवळ अनुभवतो. येथे खेळाडू स्वतः ती घडवतो आणि तिच्या दडपणाखाली चुकतोही.

कोजी कोंदो यांचे संगीत लाभलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मध्येही वेळ संपत आल्यावर लय द्रुत होते. परंतु तेथे ती घड्याळाच्या अधीन असते. स्वररचना म्हणून कोंदो यांची चाल निःसंशय समृद्ध आहे. तथापि ध्वनी आणि कृती यांचे ऐक्य निशिकादो यांच्या चार स्वरांतच अधिक घट्ट आहे. सारांश, केवळ माधुर्य हा निकष मानल्यास या माध्यमाचे वेगळेपणच समीक्षेच्या दृष्टीतून निसटते.