घड्याळ कुणी चोरलं?

म्हातारपणी विसरायला होतंच, असं आपण सहज म्हणून जातो. पण चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं आणि समोर उभी असलेली आपलीच मुलगी न ओळखणं वेगळं. हा दुसरा प्रकार म्हणजे स्मृतिभ्रंश. तो आतून कसा वाटत असेल? फ्रेंच लेखक फ्लोरियाँ झेलेर यांनी 'ल पेर' (वडील) या नाटकात हेच दाखवलं आहे. हे नाटक २०१२ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलं.

वृद्ध आंद्रेंची काळजी त्यांची मुलगी आन घेते आहे. आंद्रेंना घड्याळ सापडत नाही. मदतनीस बाईंनी ते चोरलं, असं ते ठामपणे सांगतात. खरं तर ते त्यांनीच लपवून ठेवलेलं असतं. हा काही खोटेपणा नव्हे. अल्झायमरच्या रोगात मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते आणि नव्या घटना लक्षात राहण्यासाठी हाच भाग लागतो. ठेवल्याची नोंदच नसेल, तर 'कुणीतरी नेलं' हा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे! तर्क शाबूत आहे, माहिती गहाळ आहे.

नाटकाची खरी ताकद अशी, की ते आपलीही माहिती गहाळ करतं. मध्येच 'मीच आन' म्हणत दुसरीच स्त्री येते. घडून गेलेला प्रसंग पुन्हा घडतो. मंचावरचं सामान हळूहळू नाहीसं होत जातं. आपणही आंद्रेंइतकेच गोंधळतो. नुसत्या व्याख्यानातून हे कळलं नसतं.

झेलेर यांनीच २०२० साली केलेल्या 'द फादर' या चित्रपटात हे काम संगीत करतं. सुरुवातीला मुलगी रस्त्याने चालली आहे आणि पर्सेलचं गाणं ऐकू येतं आहे. आपल्याला ते पार्श्वसंगीत वाटतं. मग वडील झालेले अँथनी हॉपकिन्स कानांवरचे हेडफोन काढतात आणि गाणं थांबतं. म्हणजे आपण पहिल्यापासून त्यांच्याच डोक्यात होतो तर!

एक उणीव मात्र जाणवते. काय हरवतं याचा हिशेब चोख आहे. काय उरतं, याचा नाही. फार जुन्या, ओळखीच्या संगीताची स्मृती सांभाळणारे मेंदूचे भाग या रोगात तुलनेने कमी झिजतात, असं २०१५ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांना आढळलं. नातवाचं नाव विसरलेली आजी एखादी आरती अखेरपर्यंत म्हणते, ती बहुधा यामुळेच. संगीत हा इलाज नव्हे, पण भेटीची वाट नक्की आहे. चित्रपटातही ती वाट बापलेकींना सापडत नाही.

'आजोबा माझ्यावर चोरीचा आळ घेतात,' असं सांगणारा एखादा विद्यार्थी तुमच्याही वर्गात असेल. त्याला सांगा, वाद घालू नकोस. त्यांच्याबरोबर घड्याळ शोध आणि शोधताना त्यांच्या आवडीचं जुनं गाणं म्हण.